हात न लावण्याचं काम

पिशवीमावशींचं खरं नाव केंद्राच्या हजेरीत होतं आणि तिथंच पडून होतं. बाहेर सगळ्यांना त्या पिशवीमावशी म्हणूनच ठाऊक. खांद्याला निळी कापडी पिशवी, ती इतकी फुगलेली की जिन्यात समोरून कुणी आलं तर आधी पिशवी भिंतीला टेकवावी लागे आणि मग स्वतःला. पिशवीत खुळखुळे, रंगीत ठोकळे, साबणाच्या फुग्यांची बाटली, दोरीची गाडी आणि एक लाकडी बेडूक. बेडकाच्या पाठीवर काठी घासली की तो असं डराव डराव करायचा की शेजारपाजारचे दार उघडून बघायचे.

केंद्राचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड होतं. मूल उशिरा बोलतंय, चालत नाही, हाक मारली तर वळत नाही, किंवा घरावरच काही आपत्ती आली आहे, अशा घरी मूल शाळेच्या वयाचं व्हायच्या आत जाऊन हात द्यायचा. नंतर धावाधाव करण्यापेक्षा आधीच चार पावलं चालायची. मावशी ही पावलं बरीच वर्षं चालत होत्या. राग त्यांच्या नाकावर आणि माया डोळ्यांत. त्यामुळे आयांना त्यांची भीतीही वाटायची आणि वाटही बघावीशी वाटायची. ढिम्म बसलेलं पोर त्यांच्यासमोर टाळ्या वाजवायचं. कुणाच्या बापाला न दिसलेलं हसू त्यांना दिसायचं. ह्याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा? त्यात त्यांचा हातखंडा होता.

केंद्रात दोन वर्षांपूर्वी नव्या प्रमुखबाई आल्या. वयानं मावशींच्या मुलीएवढ्या, शिकलेल्या, बोलायला मऊ. बैठकीत त्या म्हणाल्या, "मावशी, खेळ तुम्ही घेऊ नका. आईला घेऊ द्या. आठवड्यातला एक तास तुमचा, बाकीचा सगळा आठवडा तिचा आहे."

"आईला जमत असतं तर मला कशाला बोलावलं असतं?" मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. प्रमुखबाईही हसल्या. मावशींना वाटलं, जिंकलं आपण. माणसाला ज्या दिवशी असं वाटतं, त्या दिवशी त्यानं जरा जपूनच राहावं.

मावशींच्या घरांपैकी एक होतं इस्त्रीवालीचं. जिन्याशेजारची तळमजल्यावरची खोली. मध्ये लांब टेबल, त्यावर दुहेरी घोंगडी, तिच्यावर जागोजागी तपकिरी पडलेली चादर. भिंतीला लागून गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी. खोलीत कायम तापलेल्या कापडाचा वास. नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस घरी, निम्मे रस्त्यावर. आणि गाठोड्यांच्या मधोमध, उशीला टेकून बसलेला त्यांचा मुलगा.

त्याला सगळे साहेब म्हणायचे. दुसरं वर्ष सरून तिसरं लागलं होतं, पण चालणं नाही, शब्द नाही. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. तरी हाक मारली तर वळायचं नाही, समोर कुणी उभं राहिलं तर ओळख दाखवायची नाही, आपलं छताकडे बघत विचारात. बापच एकदा म्हणाला, "हा तर हुबेहूब आमच्या कंपनीचा साहेब!" बायको हसली आणि नाव चिकटलं. हसली खरी, पण त्या रात्रीपासून तिची झोप उडाली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

मावशी दर बुधवारी जायच्या. त्या आल्या की इस्त्रीवाली सुटल्यासारखी टेबलाशी जायची. तेवढ्या वेळात अडलेले सदरे निघायचे. इकडे सतरंजीवर मावशी आणि साहेब. साहेबांनी आधी बेडकाला भीक घातली नाही. मग एकदा तिरक्या नजरेनं पाहिलं. मग रांगत पिशवीपाशी आले. आणि एका बुधवारी मावशींनी बेडूक पाठीमागे लपवला, तेव्हा साहेबांनी हात पुढे केला, सरळ मावशींच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "दे."

मावशी जवळजवळ ओरडल्या. "अगं, ऐकलंस का? बोलला! बोलला तुझा साहेब!"

"ऐकलं," इस्त्रीवाली म्हणाली आणि कॉलर उलटी करून दाबत राहिली.

मावशींना राग आला. काय बाई ही, असं त्यांच्या मनात आलं. एवढं सोन्यासारखं पोराचं पहिलं अक्षर, आणि हिला कॉलर पडली आहे. घरी जाताना वाटेत भेटेल त्याला त्यांनी 'दे'ची गोष्ट सांगितली.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्या गेल्या तर टेबलावर चिमुकले कपडे कडक इस्त्री करून रचून ठेवले होते. बाजूला बॅग उघडी.

"कुठं निघालात गं?"

"आम्ही नाही. हा." इस्त्रीवालीनं मान न वळवता सांगितलं. "ह्याच्या आत्याकडे. महिनाअखेरीला न्यायला येतात त्या. मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत. तिथं अशा मुलांना रोज शिकवतात. ह्यांचंही तेच म्हणणं आहे."

"किती दिवसांसाठी?"

"बोलायला लागेपर्यंत."

"मग तू पण जातेस?"

"मी जाऊन काय करू? माझ्या हाताला गुण नाही, मावशी." आता ती वळली. रडत नव्हती, रडून झालं होतं. "तुम्ही गेलात की हा दाराकडे तोंड करून बसतो. पुढच्या बुधवारपर्यंत. मी ताटली वाजवली, गाणी म्हटली, माकडासारख्या उड्या मारल्या. बघतसुद्धा नाही. तुमच्याकडे बघतो, तुमच्याशी बोलतो. म्हणजे खोट त्याच्यात नाही. कुठं आहे ते कळलं मला."

"वेडी की खुळी तू? किती सुधारलाय तो! थांब, दाखवते." मावशींनी बेडूक काढला, काठी घासली. साहेब गाठोड्यांतून भराभर रांगत आले, मावशींच्या गुडघ्याला धरून उभे राहिले, खदखदून हसले. मावशी विजयानं मान वर करून बघतात तर इस्त्रीवाली टेबलापाशी हात बांधून उभी होती. स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी उभी होती, आणि पाहुण्यानं करावं तसं कौतुकानं, जरा लांबून बघत होती.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने आपण पोराला हसवत होतो आणि प्रत्येक हसण्यागणिक ह्या बाईला पटवत होतो की हे तुझं काम नव्हे. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायची सवय लावली, आणि ओंजळही आपलीच, म्हणून खूश होतो. त्यांनी बेडूक पिशवीत कोंबला. साहेबांनी भोकाड पसरलं.

"महिनाअखेरीपर्यंत तो इथंच आहे ना?" मावशींनी विचारलं.

"आहे."

"मग तोवर मी रोज येणार. दार लावलंस तर दारात बसेन."

त्या तडक केंद्रात गेल्या आणि प्रमुखबाईंच्या टेबलावर पिशवी ठेवली. घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न सावरता. प्रमुखबाईंना 'मी सांगत होते' असं म्हणायची आयती संधी होती. त्यांनी ती घेतली नाही, ही त्या बाईची थोरवी.

"मावशी, तुम्हाला जड जाईल हो हे."

"जड जातंय म्हणून तर आले. आता कसं करायचं ते सांगा. पुस्तकातलं नको, सरळ सांगा."

"सरळ सांगते. हात मांडीखाली घालून बसा. त्या घरात रोज काय घडतं ते बघा, आणि त्यातलंच काहीतरी उचलून तिच्या हाती द्या. बाहेरून काही नेऊ नका. स्वतःलाही शक्यतो नेऊ नका."

"म्हणजे जायचं, पण नसल्यासारखं."

"तेच."

प्रमुखबाईंनी मावशींची इतर घरं महिनाभर दुसऱ्यांत वाटून दिली, आणि मावशी रिकाम्या खांद्यानं निघाल्या. पिशवी नाही म्हटल्यावर त्यांना रस्त्यात तोल गेल्यासारखं होत होतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांचा खांदा पाहिला, पाठ पाहिली, मागे भिंतीपर्यंत जाऊन शोध घेतला आणि मग असा गळा काढला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. "आणायची होती ना पिशवी!" इस्त्रीवाली करवादली. मावशी हात मांडीखाली दाबून बसल्या. दोन गमतींत त्यांनी त्या पोराला हसतं केलं असतं, हे त्यांना माहीत होतं. गप्प बसणं म्हणजे त्यांना लोखंडाचे चणे होते, आणि ते त्या मुकाट्यानं चावत होत्या.

दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवालीचा संयम संपला.

"मावशी, नुसतं बसायला येता का? मग घड्या तरी घाला."

"घालते की."

घातल्या. इस्त्रीवालीनं एक सदरा उचलला, बघितला, काही न बोलता झटकून पुन्हा घातला. मग दुसरा. तिसऱ्याला तिला हसू आवरेना. "हे काय, मावशी? बाही पोटात गेली त्याच्या!" तिनं मावशींच्या मागे उभं राहून त्यांना खांद्याची रेघ कशी धरायची ते शिकवलं. मावशींना जमेना. ह्या घरात त्या पार ढ होत्या, आणि त्याचं त्यांना, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं.

घड्या घालता घालता त्यांचं लक्ष गेलं. इस्त्रीवाली वाटीत बोटं बुडवून वाळलेल्या सुती कपड्यावर पाणी शिंपडायची, तेव्हा दोन-चार थेंब गाठोड्यांवरून साहेबांच्या अंगावर उडायचे. साहेब डोळे मिटायचे. मग उघडायचे आणि वर बघायचे. छताकडे नाही, जिथून थेंब आले तिकडे. हे किती महिने चाललं होतं कोण जाणे. काखेत कळसा होता आणि मावशी गावाला वळसा घालून लाकडी बेडूक आणत होत्या.

"पुन्हा शिंपड," मावशी म्हणाल्या. "इकडे, जवळ येऊन. इस्त्री आधी त्या वरच्या फळीवर ठेव."

तिनं शिंपडलं. साहेबांनी डोळे मिटले, उघडले.

"आता हात वाटीत घाल, वर धर आणि थांब."

"का थांबू?"

"तो मागेल म्हणून."

"तो? मागेल?" ती थांबली. थांबायची तिला सवयच नव्हती. इस्त्री थांबली तर कापड जळतं, असा तिचा जन्माचा हिशेब. "मावशी, तो सदरा वाळतोय."

"वाळू दे."

साहेबांनी हाताकडे पाहिलं. बोटांवरून थेंब घरंगळत होते. कितीतरी वेळ ते थेंबच बघत होते. मग त्यांची नजर मनगटावरून, कोपरावरून हळूहळू चढत गेली आणि आईच्या तोंडाशी येऊन थांबली.

"बघितलं," इस्त्रीवाली कुजबुजली. ती तिथंच जमिनीवर बसली. "मावशी, माझ्याकडे बघितलं हो त्यानं."

मावशींना उठून नाचावंसं वाटत होतं. त्यांनी मांडीखालचे हात आणखी दाबले आणि म्हणाल्या, "मग दे ना त्याला. तो थांबलाय."

इथून सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. एका दिवशी साहेब दहा वेळा बघायचे आणि दुसऱ्या दिवशी आपण बरे नि आपलं छत बरं. अशाच एका दिवशी इस्त्रीवालीनं वाटीतलं पाणी खाडकन मोरीत ओतलं.

"नाही जमत मला! पालथ्या घड्यावर पाणी आहे हे."

"तुला जमत नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्ही म्हणालात! तोंडानं नाही म्हणालात. दर बुधवारी म्हणालात."

"म्हणाले," मावशी म्हणाल्या. "चुकले मी. माझी चूक त्याच्या डोक्यावर नको आणि तुझ्याही नको. भर ती वाटी."

इस्त्रीवालीनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मग वाटी भरली.

त्यानंतर ती हट्टाला पेटली. मावशी नसतानाही तिनं काम तसंच मांडलं: तापलेली इस्त्री फळीवर, वाटी खाली, कपडा ओला करायची वेळ आली की साहेबांच्या समोर बसून, हात वर धरून थांबायचं. गिऱ्हाईक ओरडलं तर ओरडू दे. नवऱ्याचा फोन आला, "काय म्हणतोय साहेब?" तर ती म्हणाली, "कामावर घेतलाय त्याला. नंतर बोलते." मावशी रोज यायच्या, घड्या घालायच्या, आणि इस्त्रीवालीला थांबायचा विसर पडला तर नुसत्या खाकरायच्या.

महिनाअखेर आली तशी आत्या आली. उंच, नीटनेटकी, कामाची बाई. वाईट बिलकुल नव्हती. भाच्यासाठी खोली रंगवून आली होती आणि रजाही टाकली होती. दुपारची परतीची गाडी होती. आल्या आल्या तिनं साहेबांना उचललं, मुका घेतला. साहेबांनी छताकडे पाहिलं.

"हेच बघून जीव तुटतो," आत्या म्हणाली. मग मावशींकडे वळली. "तुम्हीच ना केंद्राच्या? तुमच्याशी बोलतो म्हणे. मला एकदा बोलवून दाखवा ना. तेवढंच बरं वाटेल."

मावशींचे हात शिवशिवले. आत्ता बोटांनी सतरंजीवर टकटक केली असती, ओठ फुगवून एक आवाज काढला असता, तर पोर वळलं असतं. त्यांना खात्री होती. आणि मग ही शहाणी बाई म्हणाली असती की बघा, जाणत्या माणसाकडे कसं करतो, चला, बॅग उचला. सगळं ह्या एका क्षणावर येऊन ठेपलं होतं.

"माझं काय बघता?" मावशी म्हणाल्या. "त्याची आई इथं आहे."

इस्त्रीवालीनं साहेबांना आत्याकडून घेऊन गाठोड्यांपाशी बसवलं, गाडीच्या वेळेचा विचार केला, बॅगेकडे पाहिलं, आणि काय करावं न सुचून ती जे रोज करायची तेच करायला गेली. "गिऱ्हाईक येईल आत्ता," ती पुटपुटली. टेबलावरची इस्त्री उचलून फळीवर ठेवली. वाटी भरून खाली आणली. एक सदरा मांडीवर घेतला, बोटं पाण्यात बुडवली आणि हात वर धरला.

साहेब छताकडे बघत होते.

ती थांबली. आत्यानं काही बोलायला तोंड उघडलं, तर मावशींनी अशी नजर टाकली की तिनं ते मिटलं. बोटांवरचे थेंब गळून संपले. इस्त्रीवालीनं पुन्हा बोटं बुडवली, पुन्हा हात वर. पुन्हा थेंब गळून गेले. तिच्या कपाळावर घाम आला. मावशींनाही वाटलं, संपलं. तिसऱ्यांदा तिनं वाटीत हात घातला तेव्हा पाण्याचा बारीकसा आवाज झाला.

साहेबांनी मान खाली केली. गाठोड्याला धरून ते उभे राहिले. एका गाठोड्यावरून दुसऱ्यावर हात टाकत, मध्ये एकदा बुडावर आपटत आणि पुन्हा उठत, ते आईपर्यंत आले. तिचा वर धरलेला हात दोन्ही हातांनी खाली ओढला, वाटीत बुडवला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती अजूनही थांबली होती. ओठ दाताखाली धरून, श्वास रोखून, पण थांबली होती.

"दे," साहेब म्हणाले.

तिनं दिलं. थेंब त्याच्या नाकावर, पापण्यांवर उडाले आणि तो खदखदला. दुसरी कुणी असती तर त्याला उराशी धरून रडत बसली असती. इस्त्रीवालीनं डोळे खांद्याला पुसले, हात पुन्हा वाटीत घातला, वर धरला आणि थांबली.

"दे!"

आत्या भिंतीला टेकून खाली बसली होती. मग हळूच म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे रोज शिकवतील गं त्याला. ह्याहून खूप शिकेल."

"शिकेल, ताई. पण मी शिकायची राहीन." इस्त्रीवाली म्हणाली. "मग तो परत येईल आणि पुन्हा दाराकडे बघत बसेल. तो इथंच राहील. ह्यांना मी सांगते."

"आणि नाही जमलं तर?"

"आत्ताच दोनदा नाही जमलं, तुमच्यासमोर. तिसऱ्यांदा केलं."

आत्यानं मान डोलावली. उठून तिनं बॅगेतले चिमुकले कपडे काढून टेबलावर ठेवले. रंगवलेल्या खोलीचं तिला वाईट वाटलं असणार. तोंडावर दिसत होतं. तरी ती सतरंजीवर भावजयीशेजारी येऊन बसली. "मला शिकव," ती म्हणाली. "कधी थांबायचं आणि कधी द्यायचं. मी सुट्टीत आले की माझ्याकडेही बघू दे की त्याला." आणि गाडीची वेळ होईपर्यंत मोठ्या दवाखान्यातली नर्स वाटीत बोटं बुडवून इस्त्रीवालीचा ओरडा खात होती. "थांबा, ताई! घाई करू नका. त्याला मागू द्या."

मावशींकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. साहेबांचं तर अजिबातच नव्हतं. त्यांना ते लागलं, चांगलंच लागलं. इतक्या वर्षांची सवय होती पोरांनी वाट बघायची. त्यांनी हात मांडीखालून काढले, मुंग्या आलेल्या बोटांना झटकलं आणि चपला पायांत सरकवल्या.

"येते गं," त्या दारातून म्हणाल्या. "उद्या सकाळी आहेच मी."

"उद्या सकाळी नको, मावशी." इस्त्रीवालीनं वरही पाहिलं नाही. तिचा ओला हात हवेत होता आणि समोरचा माणूस तोंडाकडे बघत होता. "दुपारनंतर या. सकाळी आम्ही दोघं कामात असतो."